एक जण कमी

१

दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, की चष्मेवाले आतल्या जिन्याने वर घरात यायचे, हात धुवायचे, दोन घास खायचे आणि मुलाच्या खोलीत जाऊन फुटबॉल खेळायचे. साठीला टेकलेला, जिना चढताना गुडघ्यांना शिव्या देणारा माणूस फुटबॉल खेळतो म्हटल्यावर कुणीही हसेल. पण हा फुटबॉल टीव्हीवरचा होता. पलंगाला पाठ टेकवायची, हातात ते बटणांचं यंत्र धरायचं आणि एका कॉलेजच्या टीमचं कोच व्हायचं. चष्मेवाले त्या यंत्राला रिमोट म्हणत. "बाबा, रिमोट नाही हो, कंट्रोलर," असं मुलगा दर वेळी सांगायचा. आता सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून तो रिमोटच राहिला होता.

मुलाला घरात साहेब म्हणत. उठायचा उशिरा, चहा हातात लागायचा, वर "आज काय विशेष?" असं विचारायचा, म्हणून साहेब. एकुलता एक. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना साध्या तापाचं निमित्त झालं आणि साहेब गेला. हॉस्पिटलमधून दोघं नवराबायको रिकाम्या हाताने घरी आली, तेव्हा टीव्हीखालच्या गेमच्या डब्याचा दिवा चालूच होता. साहेबाचा गेममधला सीझन अर्ध्यात राहिला होता. तो दिवा मालवायची हिंमत बाईंना झाली नाही आणि चष्मेवाल्यांनाही झाली नाही. मग एका दुपारी त्यांनी रिमोट उचलला. पोराने अर्धं टाकलेलं काम बापाने पुरं करायचं, यात वेगळं काही नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

हेल्मेट घालून, एकमेकांवर आदळत खेळायचा तो फुटबॉल. मैदानावर कोण कुठे का पळतं, हे चष्मेवाल्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या गेमचा अर्धा भाग मैदानाबाहेरचा होता, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तो भाग म्हणजे भरती. पोरं चार वर्षं कॉलेजात राहणार, वर्षागणिक त्यांची ताकद, वजन, वेग वाढणार, आणि चौथं वर्ष संपलं की जाणार. म्हणून दर सीझनला शाळांतली नवी पोरं हेरायची. प्रत्येकाचा एक बारीक फोटो, उंची, वजन आणि त्याला काय हवंय ते. कुणाला नाव हवं, कुणाला घर जवळ हवं. त्याला फोन लावायचा, त्याच्या मनातलं बोलायचं, वेळ पडली तर शब्द द्यायचा. जन्मभर गिऱ्हाईक पटवलेल्या माणसाला हे काय अवघड होतं?

"हे चेहरे मशीन बनवतं, बाबा," साहेबाने एकदा सांगितलं होतं. "खरे कुणाचे नसतात."

मशीन मोठं हुशार होतं. मागच्या थंडीत भरतीला एक पोरगा आला होता. त्याच्या चष्म्याची डावी काच जाड आणि उजवी अगदी साधी. जाड काचेतून गालाची कड कशी आत ओढल्यासारखी दिसते, तेसुद्धा त्या एवढ्याशा फोटोत बरोबर आलं होतं. काय बारकाईने काम केलंय, असं म्हणून चष्मेवाल्यांनी खूश होऊन त्याला घेऊन टाकलं.

२

काहीतरी बिनसलंय हे कळलं ते कपडे बदलायच्या खोलीत. प्रत्येक सामन्याआधी गेम ती खोली दाखवायचा. लांब बाक, त्यावर ओळीने बसलेले खेळाडू, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. त्या दुपारी बाकाच्या अगदी टोकाला बसलेला एक जण वाकला, त्याने बुटाची नाडी आवळली आणि टाच जमिनीवर दोनदा आपटली.

साहेबाची खोली बरोबर दुकानाच्या डोक्यावर होती. रोज प्रॅक्टिसला निघताना तो बूट घालायचा आणि टाच दोनदा आपटायचा. खाली काच घासणाऱ्या चष्मेवाल्यांच्या डोक्यावर छत धडधडायचं. "छत पाडशील एखाद्या दिवशी," ते ओरडायचे. ती धडधड बंद झाल्यापासून काच घासताना त्यांचं लक्ष उगाच वर जायचं.

त्यांनी ते दृश्य पुन्हा लावलं. मग पुन्हा. चष्मेवाले देवभोळे नव्हते. डोळ्याला जे दिसतं ते काचेमुळे दिसतं, हा त्यांचा धंदाच होता. गेम बनवणाऱ्यांनी दहा-बारा लकबी तयार करून ठेवल्या असतील आणि सगळ्यांना वाटल्या असतील, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून ते बघत राहिले. मान कडाकडा मोडणारे पाच-सहा जण होते. गुडघ्यावर ताल धरणारेही होते. टाच आपटणारा मात्र तो एकच. त्याच्यावर टिचकी मारली तर नावाची जागा कोरी, फोटोची जागा कोरी, गावाची जागा कोरी, आणि खाली लिहिलेलं, दुसरं वर्ष. त्याला आपण कधी फोन केला, हे काही केल्या त्यांना आठवेना.

बायकोला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पण ती वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारातच उभी होती.

"आपटली ना टाच?" ती म्हणाली.

"अगं, गेममध्ये असतं तसं काही काही."

"असेल," ती म्हणाली आणि कपडे मांडीवर घेऊन पलंगावर बसली.

३

त्या दिवसापासून दुपारी दोघं बसू लागली. बाईंना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मत प्रत्येक गोष्टीवर होतं.

"त्याला चेंडू का देत नाहीत?"

"त्याच्या जागेवरच्याला चेंडू क्वचित मिळतो."

"मग जागा बदला. कोच तुम्हीच आहात ना?"

चष्मेवाल्यांनी जागा बदलली. टीम हरली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही, त्याला चेंडू मिळाला होता.

सीझन संपला, नवा लागला. नावाच्या कोऱ्या जागेखाली तिसरं वर्ष आलं. वजन वाढलं होतं. चालताना आता तो खांदे जरा मागे टाकून चालत होता. हेल्मेट त्याने कधीच काढलं नाही, पण दोघांचं त्यावाचून काही अडलं नाही.

"आता वीस पूर्ण झाली असती," बाई म्हणाल्या. "अंगात भरलाय बघा. तुमच्या वडिलांचे खांदे घेतलेत."

चष्मेवाल्यांना त्या क्षणी जे वाटलं तो आनंदच होता. दुसरा शब्द नव्हता त्याला. आपलं पोरगं वाढताना दिसतंय, जे दिसायचं राहून गेलं होतं ते दिसतंय. बाईंचं स्वयंपाकघरात नळ सोडून रडणं थांबलं. शेजारच्या बेकरीत पीठ मळायच्या यंत्राची घरघर दुपारभर भिंतीतून यायची, तीसुद्धा घरातल्या माणसाच्या आवाजासारखी वाटायला लागली. आपण दोघं वेडी झालोय, चष्मेवाले मनात म्हणायचे, पण एकत्रच झालोय म्हणून निभावतंय.

एक गोष्ट मात्र दोघांनाही आवडायची नाही. सीझनच्या शेवटी चौथ्या वर्षाची पोरं बाकावरून उठायची आणि खोलीच्या मागच्या दाराने निघून जायची. दारापलीकडे अंधारा बोळ होता. एकेक जण त्यात शिरायचा, मागे वळून कुणी बघायचं नाही, आणि बुटांचा आवाज बोळात बराच वेळ ऐकू येत राहायचा.

"कुठे जातात हो?"

"पुढे."

"पुढे कुठे?"

"कॉलेज संपलं, जातात. खेळ आहे तो."

बाईंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे आपल्याकडे अजून एक वर्ष आहे," त्या म्हणाल्या.

४

चौथ्या वर्षाच्या तोंडाशीच अडचण आली. बरीच पोरं त्या बोळातून गेली होती, आणि हरणाऱ्या टीममध्ये यायला कुणी तयार नव्हतं. चष्मेवाल्यांनी गोड बोलून बाकीच्या जागा भरल्या, पण एक राहिली. गेमने साफ बजावलं. सीझन सुरू व्हायच्या आत एक जण मिळाला नाही, तर टीम बरखास्त.

त्या दुपारी बाई बाजारात गेल्या होत्या. चष्मेवाले एकामागून एक फोन लावत होते आणि नकार ऐकत होते. शेवटी एक नवा फोटो वर आला. उंचच्या उंच पोरगा, उन्हामुळे तोंड वाकडं केलेलं, डोळ्यांवर तपकिरी फ्रेम. एक काडी तपकिरी आणि दुसरी त्याहून गडद.

चष्मेवाल्यांना हसू आलं. शेजारच्या बेकरीवाल्यांच्या मुलाने, लंबूने, नुकतीच खेळताना चष्म्याची काडी मोडून आणली होती. त्या रंगाची काडी दुकानात नव्हती, म्हणून त्यांनी गडद रंगाची बसवून दिली होती. "चालेल काका, स्टाईल दिसते," म्हणून तो तसाच घालून गेला होता. माणूस आपल्या धंद्यातून कधी बाहेर पडत नाही, जिकडेतिकडे त्याला स्वतःचंच काम दिसतं, असं म्हणत त्यांनी खाली वाचलं. याला हवंय काय, तर पहिल्या वर्षापासून मैदानात उतरायला मिळावं.

त्यांनी फोन लावला. शब्द दिला, पहिल्याच सामन्यात उतरवीन. एरवी चार-चार वेळा बोलल्याशिवाय पोरं होकार देत नसत. हा लगेच म्हणाला, येतो.

संध्याकाळी शटर ओढताना बेकरीवाले बाहेर उभे होते.

"तुमच्या लंबूला घेतला बरं का आमच्या टीममध्ये," चष्मेवाले म्हणाले.

"घ्या की," बेकरीवाले म्हणाले. "आमच्याकडे तरी कुठे कामाचा आहे? आज दुपारपासून तर अंथरूण धरलंय. अंग नुसतं भट्टीसारखं तापलंय."

"ताप?"

"साधा ताप आहे हो. हवा बदलली की येतोच पोरांना."

चष्मेवाल्यांनी कुलूप लावलं. किल्ली फिरवायला त्यांना बराच वेळ लागला.

५

दुसऱ्या दिवशी भिंतीतून घरघर आली नाही. बेकरी बंद होती. चष्मेवाले काच घासायला बसले, आणि चाक थांबवून ऐकत राहिले. मग पुन्हा चाक फिरवलं आणि पुन्हा थांबवलं.

ताप कुणालाही येतो. काड्या हजारो फ्रेमच्या बदलतात. हे सगळं खरं होतं आणि ते सगळं त्यांनी मनात नीट मांडलं. तरीही हात आपोआप काउंटरखालच्या खणाकडे गेला. प्रत्येक चष्म्याच्या दुकानात असा एक खण असतो. लोक नंबर काढून जातात, चष्मा तयार होतो आणि न्यायला कुणी येत नाही. कुणी गाव सोडतं, कुणाला दुसरीकडे स्वस्त मिळतो. चष्मेवाले अशा माणसांना मनातल्या मनात चार शब्द सुनवायचे आणि खण बंद करायचे.

खणात खोलवर एक पाकीट होतं. त्यांनी चष्मा काढून उजेडात धरला. डावी काच जाड, उजवी साधी. स्वतःच्या हाताने घासलेली काच त्यांना ओळखू आली नाही असं कधीच झालं नव्हतं, मग मागच्या थंडीत टीव्हीवर कशी आली नाही?

पाकिटावर फोन नंबर होता. पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"चष्मा तयार आहे," चष्मेवाले म्हणाले. "मुलाचा. बरेच दिवस झाले, न्यायला कुणी आलं नाही, म्हणून..."

"तो नाही आता," ती म्हणाली. "थंडीत गेला. राहू दे तो चष्मा. कुणाला उपयोगी पडला तर द्या."

आपण त्याला घेतला म्हणून तो गेला, की तो गेला म्हणून आपल्याकडे आला? आधी ताप, की आधी फोन? खणात आणखी पाकिटं होती. त्यांनी ती उघडली नाहीत.

६

दुपारी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. टीव्हीवर कपडे बदलायची खोली होती. बाकाच्या टोकाला तो बसला होता आणि त्याच्या शेजारची जागा नव्या पोरासाठी रिकामी ठेवलेली होती. भिंतीपलीकडून कसलाच आवाज नव्हता.

"मग त्या लंबूला काढून टाकता येतं का?" बाईंनी विचारलं.

"सीझन सुरू होईपर्यंत येतं."

"काढला तर?"

"एक जण कमी. टीम बंद."

"आणि हा?"

चष्मेवाल्यांनी बाकाच्या टोकाकडे पाहिलं.

"दुसरा कुणीतरी घ्या."

"दुसरा म्हणजे कुणाचा?"

बाई रोजच्या आवाजात, किती पोळ्या लाटू असं विचारावं तशा म्हणाल्या, "बेकरीवाल्यांना अजून दोन मुलगे आहेत."

चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांना बायकोची भीती वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची. कारण हाच हिशोब त्यांनी सकाळी चाक फिरवता फिरवता केला होता, आणि तो त्यांना बरोबर वाटला होता. एकच वर्ष. लोक पोरासाठी काय काय करतात. आपण तर काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

दोघं तशीच बसली. मग भिंतीतून बारीक आवाज आला. लंबूची आई होती. "एक घोट घे. एवढा एकच घोट. माझं ऐक, एकच." भांड्याचा आवाज झाला. पुन्हा तेच, "बरं, अर्धा घे. अर्धाच."

बाईंनी डोळे मिटले. "मी पण अर्ध्यावर आले होते," त्या म्हणाल्या. "शेवटी तर नुसते ओठ भिजव म्हटलं होतं."

त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे. कुठलं बटण?"

"राहू दे, मी दाबतो."

"नको. तुम्ही दाबलंत तर मी तुम्हाला जन्मभर बोलत राहीन. मीच दाबते."

चष्मेवाल्यांनी बटणावर त्यांचं बोट ठेवून दिलं. गेमने विचारलं, नक्की? बाईंनी दाबलं.

बाकावरची पोरं उठायला लागली. चौथ्या वर्षाची, पहिल्या वर्षाची, सगळीच. मागच्या दाराने एकेक जण बोळात शिरला. तो सगळ्यांत शेवटी उठला. त्याने हात वर नेऊन हेल्मेट काढलं आणि बाकावर ठेवलं, पण तोवर त्याची पाठ वळली होती आणि तो दारात पोचला होता. बोळातल्या अंधारामुळे त्यांना फक्त मान दिसली, आणि मानेवर वाढलेले केस. चौकटीला हात टेकवून तो थांबला. बाई पलंगावरून उठून टीव्हीच्या पुढ्यात गेल्या आणि मान तिरकी करून बघू लागल्या, जणू बाजूने वाकलं तर पलीकडचा चेहरा दिसणार होता.

"एकदा," त्या म्हणाल्या. "नुसता एकदा."

तो वळला नाही. त्याने बोळात पाऊल टाकलं आणि मागे दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने पडदा काळा झाला आणि त्यात या दोघांचे चेहरे दिसायला लागले. टीव्हीखालचा दिवा चष्मेवाल्यांनी वाकून स्वतःच्या हाताने बंद केला.

७

काही दिवसांनी लंबूची आई गरम पाव घेऊन आली. पोरगा उठून बसला होता, खायला मागत होता, भावांशी भांडत होता. डॉक्टरांनाही ताप कशाने उतरला ते सांगता आलं नव्हतं. बोलता बोलता तिने डोळे पुसले, आणि ज्यांच्यापुढे पुसले ते कोण हे आठवून ती ओशाळली.

"तापात काय काय बरळत होता, वहिनी," ती विषय बदलून म्हणाली. "म्हणे, काकांचा फोन आला, ये म्हणाले. मी दारापर्यंत गेलो तर तिथे एक जण उभा. म्हणाला, जागा नाही, घरी जा, आणि दार लावून घेतलं. अजून फुगून बसलाय बघा. काकांनी शब्द दिला आणि मोडला म्हणतो."

ती हसली. चष्मेवाले पावाचं ताट हातात धरून तसेच उभे राहिले.

"कोण होता तो दारात?" बाईंनी विचारलं.

"आता काय सांगू? स्वप्नच ते. ओळखीचा वाटला म्हणे, पण ओळख पटली नाही."

"का?"

"दाढी होती म्हणाला. चांगली भरघोस."

साहेबाच्या ओठांवर जेमतेम लव आली होती. त्याने वडिलांचा वस्तरा एकदा चोरून वापरला होता आणि गाल कापून घेतला होता. बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी पदर हातात घेतला, सोडला, पुन्हा घेतला. लंबूची आई गोंधळून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"त्याला एक विचारून मला सांग गं," बाई म्हणाल्या. "शोभत होती का?"